फोटो कुठल्या भिंतीवर होता

आई,

तुला लिहायचं मी किती टाळलं. आधी कॉलेज सोडल्याचं कसं सांगू म्हणून, मग डोंगरात भटकत होतो म्हणून, मग नोएडात हे टीव्हीचं काम लागलं म्हणून. तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझ्या सबबी तयारच. आज लंच ब्रेक आहे आणि मी तुझ्या स्वयंपाकघरात बसलोय. म्हणजे सेटवरच्या, प्लायवूडच्या. ओट्याला नळ आहे, पाणी नाही. सरोजिनी नगरचं आपलं क्वार्टर कधीच पाडलं. बाजार मात्र तसाच आहे, परवा तिथून जॅकेट घेतलं, दुसऱ्याच दिवशी चेन गेली. असो.

वरच्या मजल्यावरची ताई आठवते? तिचं लग्न ठरवलं होतं, तिला परीक्षा द्यायची होती, आणि ती सरळ आपल्याकडे येऊन जेवायला बसली. मागोमाग तिचे वडील आणि काका. तू जागची न उठता, लाटणं न थांबवता म्हणालीस, "खाना खा रही है. खा ले, फिर उसी से पूछ लीजिए." मी त्यांना पाणी नेऊन दिलं. काकांनी पेला उचलला, आत बघितलं, भिंतीवरचा निळ्या कोटातला फोटो बघितला आणि पेला तसाच खाली ठेवला. तू म्हणालीस, "रहने दीजिए, प्यास लगे तब पी लेना." आणि पोळ्या लाटत राहिलीस. ताईच्या ताटात गरम पोळी पडतेय, ती खातेय, रडतेय, पुन्हा खातेय. ती काय खात होती ते काकांना कळत होतं आणि कुणाच्या घरचं खात होती तेही. कणीक संपली तेव्हा ऊन उतरलं होतं. ताई हात धुऊन आली आणि "नहीं जाऊँगी" म्हणाली. तिचे वडील जिन्यात बसून राहिले. पाणी शेवटी त्यांनीच प्यायलं.

ही गोष्ट मी ऑफिसात चहा पिताना सांगितली. आमच्याकडे मालिकेसाठी खऱ्या गोष्टी अशाच निवडल्या जातात, चहाच्या वेळी कोण गप्प झालं त्यावर. क्रिएटिव्हच्या मॅडम गप्प झाल्या, डोळे पुसले, म्हणाल्या, "बस, यही एपिसोड है." आठवड्यात त्यांनाच पोळ्या कमी वाटायला लागल्या. "यार, रोटी से क्या होगा, बेलन उठाए ना." तू लाटणं उगारतेस आता, आई. तुझा रोल करणारी बाई चांगली आहे, तिला पोळी लाटता येत नाही एवढंच.

फोटोचं मात्र कुणी ठरवलंच नाही. सेटवाल्याने मीटिंगमध्ये मला विचारलं, "फोटो किस दीवार पर था?" दारातून दिसायचा एवढं मला आठवत होतं. फ्रिजवर की खिडकीशेजारी, ते आठवेना. मी विचार करत बसलो आणि तेवढ्यात लीगलच्या वकीलसाहेबांनी मोबाईलवरून मान वर केली. "फोटो है ही क्यों? एक पार्टी बोलेगी अपमान किया, दूसरी बोलेगी प्रचार किया." मी म्हटलं, मग काका पाणी का पीत नाहीत? मॅडम म्हणाल्या, "गुस्से में हैं, बिल्कुल चलेगा." संपलं. सँडविच आली. भिंत रिकामी दिसते म्हणून तिथे देवघर लावलं, बॅटरीवरच्या दिव्याचं. साहेब हसले, "मंदिर पे कोई नोटिस नहीं भेजता." तुझ्या घरात, आई.

तुझ्या परवानगीचा प्रश्न एका वाक्यात मिटला. "माताजी तो नहीं रहीं ना? बेटा साइन कर देगा." मी केली सही. जिवंत ताईची मात्र लागणारच, सही नसेल तर एपिसोड दाखवता येत नाही, तिच्यापुढे चॅनलसुद्धा गप्प. म्हणून ठरलं की शूट करून ठेवा, सही मागून घेऊ. मी ताईला स्क्रिप्ट पाठवली होती, फोटो वकीलसाहेबांनी काढायला लावला हे कळवून तो कुठल्या भिंतीवर होता तेही विचारलं होतं. तिने वाचली, उत्तर दिलं नाही. चिडली असेल म्हणून मीही पुन्हा फोन केला नाही.

एक सांगतो. क्वार्टर सोडताना तो फोटो कुठे गेला, हे मी कधी विचारलंच नाही. मावशीकडे असेल असं धरून चाललो.

थांब, गेटवरून फोन येतोय. गार्ड म्हणतोय, कोणी मॅडम आल्यात, अपॉइंटमेंट नाही, वकीलसाहेबांनाच भेटायचंय म्हणतात, आणि चादरीत गुंडाळलेली काचेची मोठी फ्रेम आहे, आत न्यायला मनाई आहे, काय करू.

मागून ताईचा आवाज येतोय. "उससे कहो, फ्रिज के ऊपर था."