होडीला वारस नेमण्याबाबत

मी, गोमाजी दामाजी कोळी, वय सदुसष्ट, धंदा मासेमारी, राहणार चेंदणी कोळीवाडा, ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही आणि लिहिताना मी प्यालेलो नाही. अक्कलहुशारी शाबूत आहे हे शब्द पहिल्या परिच्छेदात हवेतच, असा वकील त्र्यंबकराव यांचा आग्रह आहे. त्यांचे ऑफिस खोपटच्या एसटी डेपोसमोर आहे, त्यामुळे निम्मे बोलणे हॉर्नमध्ये जाते. मी त्यांना म्हटले, साहेब, आषाढापासून माझे डोके ठिकाणावर नाही, खोटे कसे लिहू? ते म्हणाले, कोर्टाला तेवढे लागते. मग डॉक्टरांचाही दाखला आणला. डॉक्टरांनी नेहमीसारखे विचारले, जेवण कसे आहे, झोप कशी आहे. झोपेचे नाव काढल्यावर मी म्हटले, तेवढे विचारू नका. तरी त्यांनी दाखला दिला. तेव्हा लिहितो : शाबूत आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. आमच्या घरात होडी बापाकडून मुलाकडे जाते आणि बाजारातली जागा सासूकडून सुनेकडे. त्याला कधी कागद लागला नाही. आता लागतो, कारण मुलगी मालू हिने आम्हा नवराबायकोचे कॅनडाला कायमचे राहण्याचे कागद केले आहेत. आवडाबाई, म्हणजे माझी पत्नी, माघात तिकडे गेली. माझ्या कागदाची मुदत येत्या दिवाळीपर्यंत आहे. तोवर गेलो तर गेलो, नाहीतर तो कागद रद्द. जावे की न जावे हे ठरवता ठरवता पावसाळा संपत आला. वकील म्हणाले, जा किंवा राहा, आधी लिहून ठेवा.

कलम १. राहते घर मुलगा दौलत आणि सून बायजा या दोघांच्या नावे समान. दोघांच्या सहीशिवाय ते विकता येणार नाही. घोडबंदर रोडला टॉवर उठताहेत म्हणून आपलाही उठवू, असे दौलतला अधूनमधून वाटते. ते त्याने नोकरी करतो त्या कारखान्यात वाटून घ्यावे, घरात नको. माळ्यावरची खोली मालूची, ती येवो न येवो. उत्तरेची भिंत शेजारी धाकू याने मी पाण्यावर असताना हातभर आमच्या अंगणात घेतलेली आहे. त्याच्या नातवाच्या बारशाला मी जेवलो, याचा अर्थ मी ते सोडून दिले असा कोणी काढू नये.

कलम २. बँकेत जे काही आहे ते सर्व आवडाबाईचे. आमच्यात पुरुष मासळी आणतो आणि बाई ती विकते. मला मासा कुठे मिळेल हे कळते, पण त्याचा भाव मला आजही सांगता येत नाही. तिचे होते ते तिला, यात मी काही देत आहे असे नाही.

कलम ३. हे कलम कशाचे ते वकिलांनाही ठरवता आले नाही. "मालमत्ता कोणती?" असे त्यांनी विचारले. मी म्हटले, असू द्या, हे लिहिल्याशिवाय पुढचे कोणाला कळायचे नाही.

आवडाबाई गेली ती मालूच्या बाळंतपणासाठी. डिंकाचे लाडू, सुकी करंदी, बाळाला दुपटी, असे सगळे बांधून मीच तिला सहारला विमानात बसवले. कागद कायमचे असले तरी ती बाळाचे करून परत येणार, असे मी धरून चाललो होतो. आषाढात मी सहदेवच्या फोनच्या बूथवर गेलो. विमानतळावर न्यायला कधी येऊ एवढेच विचारायचे होते. ती म्हणाली, "मी नाय येत."

मला वाटले लाइन खराब आहे. पुन्हा विचारले. ती म्हणाली, "मना इथं झोप लागते."

मी म्हटले, म्हणजे काय? ठाण्याला झोप लागत नव्हती का? मग ती जे बोलली ते मी आजवर कोणाला पूर्ण सांगितलेले नाही. आमच्या घरात अशी रीत आहे की नवऱ्याची होडी पाण्यावर असेपर्यंत बायकोने पाठ टेकायची नाही. माझ्या आईने हे तिला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितले होते. होडी परत बांधली की तिने उठायचे, मासळी पाटीत भरायची आणि बाजारात जायचे. भरती कधी, ओहोटी कधी, हे आम्हाला तिथीवरून कळते. तिकडे जाताना तिने पंचांग नेले होते. मला वाटले, उपासतापासासाठी नेत असेल. तिने टोरोंटोला बसून तिथी मोजली, मालूच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळावरून हिशेब करून इथली वेळ काढली आणि मी होडी सोडली की ती तिकडे खुर्चीवर जागी बसायची, मांडीवर बाळ घेऊन.

"एक दिस बसल्या जागी डोला लागला," ती म्हणाली. "उठले तं तुमची होडी लागून गेलती. काय झालं नाय ना तुमाला? मग मी एवढी वर्सं कशाला बसलते?"

बूथचा मीटर पळत होता, बाहेर तिघे उभे होते, सहदेव माझ्याकडे बघत होता. ती पुढे म्हणाली, मासळी होती तवर ठीक, पण नंतर तर मी चिखलासाठी बसत होते. तेही खरे. कारखान्यांचे पाणी खाडीत यायला लागल्यापासून जाळ्यात पिशव्या आणि काळा गाळ येतो. तरी मी भरतीबरोबर जात होतो, कारण होडी बांधून ठेवली की कुजते आणि माणूसही. ती जागी असते हे मला माहीत होते, पण तिला त्याचे काही वाटत असेल हे माझ्या मनात आले नाही. जिने आमटीतल्या मिठावरून कधी हुज्जत घातली नाही, ती असे बोलली.

घरी आल्यावर मला राग आला. झोपेसाठी कोणी देश सोडतो का? लोक पैशासाठी जातात, मुलांसाठी जातात. दौलतला सांगितले तर तो म्हणाला, आई थकली असेल, चार महिन्यांनी आपोआप येईल. मलाही तसेच वाटले, पुढच्या कलमातले कळेपर्यंत.

कलम ४. बाजारातला ओटा. ही जागा सून बायजाला द्यावी असे मी लिहिणार होतो, कारण आवडाबाई तिकडे बसून कशी देणार? हे सांगायला श्रावणात मी स्वतः बाजारात गेलो. आमच्या घरचे पुरुष बायकांच्या रांगेत जात नाहीत. मी आयुष्यात पहिल्यांदा गेलो. बायजा ओट्यावर बसून सुरमई कापत होती, आणि तिच्या हातात आवडाबाईचा कोयता होता.

आमच्या रांगेत बाई आपला कोयता सुनेला एकदाच देते, बाजार कायमचा सोडताना. तोवर सून स्वतःचा वेगळा वापरते, सासू आजारी असली तरी. मी बायजाला विचारले, हा कधी दिला? तिने मान खाली घालून पुढचा तुकडा कापला. शेजारच्या ओट्यावरची मनुबाई म्हणाली, "जायच्या आदल्या दिवशी दिलान. आमी सगल्यांनी तिची ओटी भरली. ओट्याला हात लावून डोल्यांना लावलान तिनं. तुमाला ठाव नव्हतं?"

म्हणजे झोप तिला तिकडे गेल्यावर लागली, पण जायचे तिने इथेच ठरवले होते. सगळ्या बाजाराला माहीत, आणि मी तिला विमानात बसवताना सांगत होतो की येताना बाळाचे फोटो आण. मनुबाईने मला बसायला पाटी उपडी करून दिली. मासळी घ्यायला आलेल्या एका बाईने मलाच भाव विचारला.

तरी नोंद असावी म्हणून : ओटा बायजाचा आहे. तो मी दिलेला नाही, तो मला द्यायला उरला नव्हता.

कलम ५. होडी, वल्ही, दोन जाळी आणि नांगर. वंशपरंपरेने ही होडी दौलतची. मी त्याला घरात बसवून विचारले. त्याला आनंद झाला. म्हणाला, "द्या बाबा, सुट्टीच्या दिवशी नेत जाईन." बायजा भांडी लावत होती. ती माझ्यासमोर कधी मोठ्याने बोलत नाही. हातातले पातेले खाली ठेवून ती म्हणाली, "होडी नको. हे पाण्यावर गेले की मना बसावं लागंल."

दौलत हसला. म्हणाला, नको बसू, तुला कोण सांगतं? आई तिकडे झोपली, तर बाबांना काय झालं?

बायजा म्हणाली, "आन मी झोपले आन तुमाला काय झालं, तर?"

आवडाबाईचा प्रश्न आषाढापासून माझ्या डोक्यात ठोकत होता, की एवढी वर्षे ती कशाला बसली. त्याचे उत्तर या पोरीने दिले. बसल्यामुळे काही होत नाही हे आवडाबाईलाही तेव्हा माहीत असणार. पण न बसण्याची हिंमत कोणाच्या अंगात असते? तिला समुद्रापलीकडे जावे लागले.

तेव्हा सदर होडी सर्व सामानासह मी आमच्याच कोळीवाड्यात मासेमारी करणाऱ्या काळुराम यास देत आहे. त्याने लग्न केले नाही, घरात दुसरे कोणी नाही, त्याच्यासाठी कोणी जागत नाही, म्हणून. तो होडीला हिरवा रंग देणार हे मला माहीत आहे. हिरवा रंग मला आवडत नाही, पण वकील म्हणतात अशी अट कोर्टात टिकत नाही. मलाच का, असे काळुरामने विचारले तेव्हा मी कारण सांगितले. तो होडीवर हात फिरवून म्हणाला, बरं. साक्षीदार म्हणून सही करायला तो तयार होता, पण ज्याला मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकिलांनी सांगितल्यामुळे तो रुसून बाहेर बाकावर बसला आहे. होडीचा ताबा मी मरेपर्यंत न थांबता गेल्या आठवड्यातच दिला.

कलम ६. मला मरण जिथे येईल तिथेच अग्नी द्यावा. विमानातून कोणी राख आणू नये. खाडीत तर मुळीच टाकू नये, तिच्यात आधीच पुष्कळ टाकून झाले आहे.

कलम ७. हे शेवटचे. होडी दिली त्या दिवशी मी बूथवर जाऊन आवडाबाईला सांगितले. होडी काळुरामला दिली, आता मी पाण्यावर जाणार नाही. मग ती म्हणाली, "मंग आता तुमी झोपा."

परत ये असे मी म्हटले नाही आणि तुम्ही या असे तिने म्हटले नाही. घरी येऊन आडवा झालो. उठलो तर उन्हे अंथरुणावर आली होती, बायजा बाजारात गेली होती आणि भरती येऊन ओसरलीही होती. तसाच बसून आठवू लागलो. मी निघायचो तेव्हा ती दारात उभी असायची. मी यायचो तेव्हा ती पाटी घेऊन उभी असायची. ती बाजारातून यायची तेव्हा मी झोपलेला असायचो. मालू झाली तेव्हा, दौलत झाला तेव्हा, ती तापाने फणफणली होती तेव्हासुद्धा मी पाण्यावरच होतो. पुन्हा पुन्हा आठवून पाहिले. एकदाही सापडले नाही.

म्हणून दिवाळीच्या आत मी जात आहे. तिकडे मला करमेल की नाही, माहीत नाही. मला तिथली भाषा येत नाही, थंडी सोसत नाही, आणि तिथे माझा काही उपयोगही नाही. पण आवडाबाई झोपलेली कशी दिसते हे मी अजून पाहिलेले नाही.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे, आणि त्यांनी माझ्यासमोर.

गोमाजी दामाजी कोळी
(सही)

साक्षीदार :
१. सहदेव पाटील, फोन बूथ, चेंदणी (सही)
२. धाकू नाखवा, शेजारी, चेंदणी (सही. भिंतीबाबतचा मजकूर अमान्य करून.)

स्थळ : ठाणे
दिनांक : १८ सप्टेंबर १९९५