आनंदाच्या फायनलला मी शांत होते

३ फेब्रुवारी १९५७
आजपासून हुतुतूची मॅच बघायला जायचं नाही. ठरलं. आनंदा आमच्या गव्हाण गावचा पहिला चढाईवाला आणि त्याची आई ओरडते म्हणून लोक हसतात म्हणे. मी ओरडत नाही. सूचना देते. हे गेल्यापासून संध्याकाळी घर खायला उठतं, म्हणून जात होते. एवढंच.

६ फेब्रुवारी
गेले. घर सारवलं होतं, बसायला जागा नव्हती. नेऱ्याशी मॅच. माझा आनंदा मुंगीला दुखवत नाही. नेऱ्याच्या एकाचा खांदा निखळला, तो स्वतःच्या वजनानं. दुसऱ्याचे दोन दात पडले. किडकेच असणार. आनंदाच्या भुवईला टाके. शेजारची हौसा म्हणाली, "वयनी, पंचाच्या टाळक्यात खडा घातलास ना गो!" घातला नाही. हातात होता, सुटला.

९ फेब्रुवारी, दुपार
परवा फायनल, विचुंब्याशी. मुंबईच्या एका गिरणीचे साहेब येणार. त्यांना टीमसाठी एकच गडी हवा. खेळायचं आणि पगार घ्यायचा. मिठागरातली मजुरी सुटेल. मिठानं पडलेल्या ह्यांच्या पायांच्या चिरा शेवटपर्यंत भरल्या नाहीत. आनंदाचं सिलेक्शन व्हायलाच हवं.
आनंदा म्हणाला, "आये, तू नको येव. बाहेरचं मानूस आत घुसलं का मॅच गेली." मी काय वेडी आहे? ह्यांच्या टोपीवर हात ठेवून शपथ घेतली.

११ फेब्रुवारी, सकाळ
घरीच आहे. फक्त आनंदाच्या पायांना खोबरेल चोळलं. तेलकट पाय पकडीतून सटकतो, म्हणून मनाई असते. पण ती मुद्दाम लावणाऱ्यांना. मी अंगदुखीसाठी लावलं.

११ फेब्रुवारी, संध्याकाळ
पाणी द्यायला गेले होते. पंचानं आनंदाच्या पोटऱ्या चाचपल्या, हात हुंगला आणि त्याला मातीत लोळायला लावलं. तेलावर माती बसली, पाय खरखरीत झाले. शेवटच्या चढाईत विचुंब्याच्या चांगोनं घोटा धरला तो सुटेचना. आनंदाचं तोंड मातीत. वर चौघे बसले. कोणाचं तरी बोट कडकन मोडलं.
मागून पदर धरून बसवायला हे नाहीत.
मी शांतपणे आत गेले. हातातला तांब्या चांगोच्या डोक्याला लागला. मग पुन्हा लागला. रक्त त्याच्या डोळ्यांत ओघळलं, तरी मेल्यानं घोटा सोडला नाही. शिट्टी झाली. विचुंबे जिंकलं म्हणाले.
मॅच तशीही गेलीच होती.

१२ फेब्रुवारी
साहेबांनी चांगोला नेलं. म्हणाले, डोकं फुटलं तरी पकड सोडत नाही, असाच गडी हवा.
आनंदा मिठागरावर गेला. भाकरी तशीच ठेवून.
दुपारी चांगोची आई पेढे घेऊन आली. माझ्या पाया पडली. म्हणाली, "बाय, तुमच्यामुलं पोराचं सोनं झालं."
पेढा घ्यावा लागला.