चोराने माझ्या नावे लिहिलेल्या तीन ओळी

स्वस्ति श्री अखिलगृहशासनधुरंधरा, दुग्धोत्सेकनिवारिणी (म्हणजे दूध उतू जाण्याच्या नेमक्या क्षणी प्रकट होणारी), शैशवे अस्मत्कर्णाकर्षणैककुशला, वादविवादपंचानना, अनुत्तरितपत्रसंग्राहिका, ज्येष्ठभगिनीपदविराजिता ताईसाहेब यांच्या चरणी, सतरा परवलीच्या शब्दांना एका दुपारीत मुकलेल्या कनिष्ठ बंधूचा शिरसाष्टांग दंडवत.

आपली प्रकृती उत्तम असावी, रक्तदाब आज्ञेत असावा आणि चष्मा वेळेवर सापडत असावा, अशी अपेक्षा. येथील क्षेम यथातथा. उजवा गुडघा जिना चढताना स्वतंत्र मत व्यक्त करतो, एवढे सोडल्यास या घरात माझ्याशी मतभेद असणारे कोणी उरलेले नाही. ('आपण' येथेच आवरते घेतो. तीन वर्षांच्या अबोल्यानंतर आदरार्थी बहुवचन शोभून दिसते खरे, पण तू ते वाचताना ओठ दुमडशील, हे मला येथूनही दिसते आहे.)

माझा व्यवसाय तुला ठाऊकच आहे. औषधांच्या खोक्यांत जे घडीवर घडी घातलेले पत्रक असते, त्याचे मी मराठीत भाषांतर करतो. 'सेवनापूर्वी सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात' हे वाक्य मी आयुष्यात किमान चार हजार वेळा लिहिले असेल. असा हा सावधगिरीचा घाऊक पुरवठादार गेल्या पंधरवड्यात कसा नागवला गेला, त्याचा वृत्तांत निवेदन करतो.

माझ्याकडे काही जुन्या मराठी फायली होत्या. त्या काळी टंकलेल्या, आताच्या संगणकावर उघडल्या की मराठीऐवजी प्रश्नचिन्हे, मुकुट आणि तुटक्या खिडक्या दिसणाऱ्या. (फायली कामाच्या होत्या, असे तूर्त समज.) जुनी अक्षरे नव्या अक्षरांत पालटून देणारी एक फुकट सोय मला आंतरजालावर आढळली. ती उतरवून घेताना संगणकाने लाल पाटी दाखवली, की हे घातक असू शकते. त्या सोयीने मात्र अत्यंत विनयाने कळवले, की कार्यसिद्धीसाठी संरक्षण तात्पुरते बंद करावे. मी विनयाला भुललो. पहारेकऱ्याला स्वहस्ते झोपवले आणि पाहुण्याला आत घेतले. पाहुण्याने एक फाईल खरोखरच लखलखीत पालटून दिली (चोर झाला तरी कामात चोख) आणि नंतर जो गप्प बसला, तो गप्पच.

तो गप्प का बसला, हे मला पुढे आमच्या कोपऱ्यावरच्या संगणक दुरुस्त करणाऱ्या बाईंकडून कळले. त्यांना मी वैद्यबाई म्हणतो. त्या मला काका म्हणतात आणि रुग्णाच्या बेजबाबदार नातलगाकडे पाहावे तशा पाहतात. त्यांच्या निदानानुसार त्या सोयीच्या पोटात दुसरेच बिऱ्हाड होते. पुढच्या दाराने ती अक्षरे पालटत असताना तिने मागच्या भिंतीला गुपचूप एक दार पाडले आणि त्यातून कोणी अज्ञात इसम माझ्या संगणकात मुक्तसंचार करू लागला. त्याने कशाची नासधूस केली नाही, काही पुसले नाही. फक्त माझे साठवलेले परवलीचे शब्द उचलले आणि आपल्या घरी नेले.

"पण काका, पासवर्ड ठेवले कुठे होते?"

"संगणकातच. त्यानेच विचारले होते, लक्षात ठेवू का म्हणून."

"आणि तुम्ही दर वेळी हो म्हणालात? सतराच्या सतरा?"

म्हणालो. ताई, खरे सांगतो, इतक्या आपुलकीने 'तुमचे लक्षात ठेवू का?' असे मला फार दिवसांत कोणी विचारले नव्हते. नकार देणे जिवावर आले. वैद्यबाई म्हणाल्या, "म्हणजे दाराला कुलूप, आणि किल्ल्यांचा जुडगा आतल्या खुंटीवर. भिंत फोडून आलेल्याला अजून काय हवं?" या उपमेतील व्यंजनासामर्थ्य मी मनोमन वाखाणले.

आता चोराच्या साहित्यसेवेकडे वळतो. किल्ल्या हाती येताच त्याने माझ्या टपालपेटीतून माझ्या एकेचाळीस परिचितांना एकच पत्र धाडले. संपूर्ण मजकूर असा : 'बऱ्याच दिवसांत बोलणं नाही. आठवण येते. जुने फोटो सापडले, सोबत जोडलेत, बघा.' फोटो अर्थात नव्हतेच. त्या जोडणीत तेच बिऱ्हाड पुढच्या घरी निघाले होते. वैद्यबाईंनी दोन दिवस खपून चोराला हाकलले, माझ्या जुन्या फायली तेवढ्या बाजूला राखून संगणक धुऊन पुसून कोरा केला आणि माझी टपालपेटी मला परत मिळवून दिली. ती उघडतो, तो आत नऊ उत्तरे!

ताई, गेल्या वर्षी मी याच एकेचाळीस जणांना स्वतः पत्रे लिहिली होती. प्रत्येकाला वेगळे, सालंकृत, किमान दोन पृष्ठांचे. उत्तर एक आले, तेही दंतवैद्यांच्या दवाखान्यातून, की तपासणीची वेळ बदलली आहे. आणि या भामट्याला तीन ओळींत नऊ! एका शाळासोबत्याने विचारले होते, 'तब्येत बरी आहे ना? इतकं साधं तू कधी लिहीत नाहीस.' एका निवृत्त सहकाऱ्याने चहाला बोलावले होते. (गेलो. पत्र माझे नव्हते, हे सांगायचे राहूनच गेले.) शैलीच्या बाबतीत मी एका चोराकडून पराभूत झालो, ही नोंद माझ्या चरित्रकाराने वगळावी.

नववे उत्तर तुझे होते. 'फोटो उघडला, काहीच दिसलं नाही. आणि मला बघा काय म्हणतोस रे? वरची खोली रिकामीच असते. ये.'

तेव्हा या पत्राचा अधिकृत हेतू हा, की तू ती जोडणी उघडली आहेस, अतएव तुझ्याही संगणकाला मागून दार पडलेले असणे संभवते. तो तत्काळ बंद कर, जाणत्याला दाखव आणि तुझे सारे परवलीचे शब्द दुसऱ्या, निरोगी यंत्रावरून बदल. ते वहीत लिही, वही कपाटात ठेव. संगणकाने कितीही गोड विचारले, तरी 'लक्षात ठेवू नकोस' असेच सांग. इति सूचना समाप्त.

तुझा,
(मूळ, अनुकरणापासून सावध) धाकटा

ता. क. : वैद्यबाईंनी माझ्या वतीने सर्वांना एक इशारा पाठवला आहे, की 'आधीचे पत्र माझे नाही, त्यातील मजकुरावर विश्वास ठेवू नये.' तो तुलाही पोचला असेल. इशारे लिहिण्यात माझे आयुष्य गेले, पण इतका अर्धवट इशारा मी पाहिलेला नाही. पत्र माझे नाही, हे खरे. मधल्या ओळीबद्दल मात्र बाईंनी मला विचारायला हवे होते.

ता. क. २ : त्या जुन्या फायली कामाच्या नव्हत्या. तू वाचनालयात नोकरीला असताना तिथल्या संगणकावर टंकून मला पाठवायचीस, ती तेवीस पत्रे होती. चोराने पालटून दिले त्यातले पहिले. त्यात तू लिहिले आहेस, 'तू आलास की हे घर जरा आवाज करतं.' बाकीची बावीस अजून प्रश्नचिन्हांतच आहेत. त्यांत काय आहे, ते तू तोंडी सांगितलेस तर चालेल.

ता. क. ३ : भाऊजी आजारी असताना तू 'ये' एवढेच लिहिले होतेस, आणि मी आलो नाही, चौदा पानांचे विनोदी पत्र पाठवले. भाऊजी गेल्यावर आलो, तो दोन तास बसलो आणि तेवढ्यातही कोट्या केल्या. मला दुसरे काही येत नव्हते, ताई. हेही पत्र तसेच झाले आहे, हे मला दिसते आहे.

ता. क. ४ : परवा दुपारी चार वाजता तुला जो मुका फोन आला, तो चोराचा नव्हता. तू दोनदा 'कोण?' म्हणालीस आणि मला एकही विशेषण सुचेना.

ता. क. ५ : तेव्हा विचारणा एवढीच, की ते 'ये' चोराला उद्देशून होते की मला? मला असल्यास येत्या शनिवारी निघतो. पण तुझ्या घराच्या मागच्या दाराची कडी अजून तशीच आहे का? दार वर उचलून खालून लाथ घातल्याशिवाय ती बसत नाही, भाऊजी अकरा वर्षे 'उद्या सुतार बोलावतो' म्हणत राहिले, आणि माझा गुडघा आता लाथ घालण्याच्या अवस्थेत नाही. उघड्या दाराशी मला झोप लागत नाही. सुतार कोण बोलावणार, ते आधी कळव.