मुळासकट उपटलेली जेनेपी

ला शाल्प, ६ सप्टेंबर १९७४

प्रिय क्लोतिल्दताई,

सगळं बिघडलं ते तेरा ऑगस्टला, जडीबुटी खुडणाऱ्या फेरेओलनं काकांच्या दुकानात कड्यावरच्या जेनेपीच्या झुडपांची जुडी आणून टाकली त्या क्षणी.

बाकी सगळे मजेत. काकांचा गुडघा बरा आहे. खापरपणजोबांनी जेनेपीचं हे मद्य मेंढपाळांच्या पोटदुखीवर काढलं, ही कथा ते अजून प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात: चाळीस काड्या, चाळीस साखरेचे खडे, चाळीस दिवस मद्यार्कात. माझ्या कॉलेजचं मात्र विचारू नकोस.

त्या जुडीच्या देठांना तांबडी माती होती. तसली माती एकाच कड्याखाली आहे, अपोलीनच्या घरच्या जागेत. आपल्याकडे बाप जेनेपीची गुप्त जागा मरताना मुलाला सांगतो, तुला माहीतच आहे. दोन वर्षं मी तिच्या मागे होतो. ती हसायची, "नवऱ्याशिवाय कुणाला नाही सांगणार, एलोई!"

"कुठून आणलीस रे?" मी फेरेओलला विचारलं.

"ज्याला सांगायचं त्याला तिनं सांगितलं. तू बस बाटल्या विसळत!" आणि वर डोळा मारला लेकानं.

अंगाची नुसती लाही लाही झाली, ताई.

परवा अपोलीन आली. तिची जागा कुणीतरी मुळासकट उपटली आहे. आई कात्री हातात देऊन बजावायची, आठवतं? मूळ निघालं की संपलं. जागा ठाऊक तिला आणि फेरेओललाच, म्हणून तिनं त्याच्याशी ठरलेलं लग्न मोडलं. गाव फेरेओलला 'उपट्या' म्हणतं. काका कडाडले, "त्याची काडी माझ्या बाटलीत पडायची नाही!" अपोलीन माझ्या खांद्यावर रडली. याचीच तर मी वाट बघत होतो. पण तिचा हात पाठीवर आला आणि मला माझीच शिसारी आली.

तू विचारशील, ती माती मी कशी ओळखली? गेल्या उन्हाळ्यात मी लपतछपत तिच्या मागून वर गेलो होतो. यंदा पंधरा ऑगस्टला, मेरीमातेच्या सणाला अख्खं गाव चर्चमध्ये असताना, पुन्हा गेलो. कात्री नेली नव्हती. एकेक झुडूप उपटताना फेरेओलचं नाव घेत होतो.

खरं कळलं की ती त्याच्याकडेच जाणार. या विचारानं अजून जीव जळतो.

ती आत्ता खाली दुकानात काकांच्या मदतीला बाटल्यांना चिठ्ठ्या डकवते आहे. आत्ताच हाक आली, "एलोई, डिंक संपला रे!"

पत्र टेबलावर ठेवतो, काका टपालपेटीत टाकतील. खाली जाऊन तिला सांगतो. खोलीचं दार बाहेरून लावून घेतो, उघडं राहिलं तर न सांगताच परत फिरेन.

तुझा, तोंड दाखवायला जागा न उरलेला
एलोई