२३०४७ हा नंबर पुसून टाक

सावेडी, नगर
बुधवार, १८ नोव्हेंबर १९९८

चि. मनवा हिला कुमुदमावशीचे अनेक आशीर्वाद. (मोजून ठेव. पत्र संपेपर्यंत त्यातले काही परत घ्यावे लागतील असं दिसतंय.) जावईबापूंची पाठ आता कशी आहे? तिकडे अमेरिकेत थंडी सुरू झाली असेल, कान झाकत जा. तुझ्या आईचा कान याच दिवसांत दुखायचा आणि ती घर डोक्यावर घ्यायची. माझं म्हणशील तर जेवते, फिरायला जाते, पण शेजारचा फोन वाजला की हातातलं निसटतं. महिनाभरात तीन कप फुटले. तिन्ही कपांना तू जबाबदार आहेस.

तू मोठ्या कौतुकाने कळवलंस की, 'मावशी, तुझी पत्रं इतकी मजेदार असतात की मी ती स्कॅन करून माझ्या होमपेजवर लावली आहेत, आतापर्यंत सहाशे चौदा लोकांनी वाचली.' मी ते वाक्य चारदा वाचलं आणि पाणी प्यायले. आमच्या कॉन्व्हेंटात बोर्डिंगच्या मुलींची पत्रं मदर सुपीरिअरने वाचल्यावरच टपालात पडत. तेव्हाही मला ते आवडत नसे, पण ती बाई एकच होती आणि तिला मराठी येत नव्हतं. पत्र म्हणजे काय असतं, बाळ? एका माणसाने दुसऱ्याला, पाकीट चिकटवून. ते तू दोरीवर वाळत घातलंस. (उद्या हीच रीत पडेल बघ. जो तो आज काय जेवलो ते लिहून जगापुढे टांगेल, आणि ज्यांना कोणी विचारलं नाही ते त्यावर मत देतील. मी तेव्हा नसेन, हा एक दिलासा.)

वर तू मला धीर देतेस की काळजी करू नको, पत्रांत कोणाचं नावच नाही, नुसते आकडे आहेत. अगं, ते आकडे टेलिफोन नंबर आहेत. तीस वर्षं मी इथल्या एक्स्चेंजमध्ये काढली. आम्ही माणसांना नावाने ओळखत नव्हतो. 'अमक्या नंबराची मुलगी नांदायला गेली', 'तमक्या नंबराला मुतखडा झालाय', असंच आमचं बोलणं. बाहेर कोणाला काही कळत नसे आणि मी कधी कळू दिलं नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं, 'कुमुदताईंच्या कानात गेलेलं तोंडातून आलं नाही.' त्याच सवयीने मी तुलाही नंबर घालूनच लिहीत राहिले. त्याला मी गुप्तता समजत होते. आता लक्षात येतंय की नगरात घरोघरी फोनच्या खाली टेलिफोनची डिरेक्टरी ठेवलेली असते.

आता २३०४७बद्दल. म्हणजे आमच्या भागिरथीबाई, एका विटेच्या भिंतीपलीकडच्या. माझ्या घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. गेल्या वर्षी मी न्हाणीघरात पडले तेव्हा त्याच किल्लीने त्या आत आल्या आणि मला उचलून (त्यांचा गुडघा बघता हे सोपं नव्हतं) रिक्षात घातलं. रोज सकाळी त्या माझा पेपर मागायला येतात आणि शब्दकोडं चुकीचं सोडवून परत देतात. त्यांचा नितीन मस्कतला असतो. तो दर रविवारी सकाळी दहाला फोन करतो, असं त्या सगळ्या गल्लीला सांगतात. आणि मी मूर्ख बाईने तुला तिसऱ्या पत्रात काय लिहिलं? 'रविवारी दहाला २३०४७ची घंटी काही वाजत नाही. ही बाई नुसताच रिसीव्हर उचलते आणि तासभर मुलाशी बोलत बसते. सात महिने झाले, तिकडून कोणी बोललेलं नाही. माझ्या कानाला फसवणं सोपं नाही.' तुला हसवायला लिहिलं होतं. आता छापलेलं वाचवत नाही.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी दहाला पलीकडे खरोखरची घंटी वाजली. मी दळण निवडत होते, ताट उपडं झालं. दहा मिनिटांनी भागिरथीबाई लाल चेहऱ्याने दारात. "कुमुदताई, अमेरिकेतून फोन होता. नितीनचा मित्र. आजी जेवलात का म्हणाला, आणि रडायलाच लागला हो." पुढच्या रविवारी दोन फोन. त्यातली एक बाई डॉक्टर होती, तिने गुडघ्याला तेल सांगितलं. भागिरथीबाई आता रविवारी साडेनऊलाच इस्त्रीची साडी नेसून फोनपाशी बसतात. त्यांना वाटतंय नितीनने सगळ्या मित्रांना आईचा नंबर दिला. आणि मी अलीकडे भिंतीला कान लावून उभी असते, कारण त्या सहाशे चौदांपैकी एखादा शहाणा कधीतरी बोलून जाईल, 'आजी, तुम्ही बंद फोनवर बोलता ते वाचून फार वाईट वाटलं.' मग ती किल्ली परत येईल. टेबलावर ठेवली जाईल. एवढं एकच दृश्य रोज दिसतं मला.

तुझी वाट न बघता मी स्वतःच बंदोबस्त करायचं ठरवलं. नाक्यावरच्या गोरक्षनाथने एस.टी.डी. बूथ अर्धा करून अर्ध्यात इंटरनेट टाकलंय. गेल्या बुधवारी गेले आणि म्हटलं, अमुक पान आहे, ते पुसून दे. तर म्हणाला, "काकू, ते हितून न्हाई पुसता येत. ते अमेरिकेत हाय. हितून फकस्त बघता येतं." म्हटलं, दाखव तरी. तिथेच चुकलं. पान वरून खाली इतकं हळू उतरतं की जीव जावा. आधी माझा पत्ता, मग माझं अक्षर, मग वीज गेली, मग पुन्हा पहिल्यापासून माझा पत्ता. मी पडद्यापुढे पर्स धरून उभी. गोरक्षनाथ पर्सच्या कडेने वाचत म्हणाला, "२३०४७? आपल्या भागिरथीकाकूच की ह्या." बूथवाल्याला नंबर तोंडपाठ, मला सुचायला हवं होतं. मी त्याला शपथ घातली. त्याने मान डोलावली आणि विचारलं, "काकू, आमच्या बूथबद्दल कवा लिव्हनार?" त्यानंतर गुरुवार-शुक्रवार भागिरथीबाई पेपर मागायला आल्या नाहीत. माझं ब्लडप्रेशर काय झालं असेल ते डॉक्टर जावईबापूंना विचार. शनिवारी आल्या. गुडघा धरला असेल.

तेव्हा हे पत्र हातात पडल्याक्षणी ते सगळं पानावरून उतरव. सगळं, शेवटच्या आकड्यापर्यंत. पुन्हा मी तुला पत्र लिहीन ते फक्त हवामानाचं.

तुझी (अजून तरी)
कुमुदमावशी

ता.क. रविवार. पाकीट टपालात टाकलेलं नाही, बरं झालं. आज दहा वाजले, घंटी नाही. सव्वादहा झाले तरी नाही. महिनाभर मी ज्या घंटीला घाबरत होते तिची वाट बघत होते. मग भिंतीपलीकडून आवाज आला, "हं, बोल रे नितीन. जेवलास का?" इतकी भीती मला न्हाणीघरात पडल्यावरही वाटली नव्हती. मी फोन उचलला. एंगेज, अर्थातच. त्यांनी रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला तसा २३०४७ फिरवला. (तीस वर्षं लोकांना जोडून दिलं, या बाईला कधी फोन केला नव्हता. भिंत होती ना मध्ये.) आवाज बदलून, कॉन्व्हेंटचं इंग्रजी काढून न्यू जर्सीहून बोलतेय असं सांगितलं. नेमका तेव्हा गल्लीत भंगारवाला भोंगा वाजवत आला. भागिरथीबाईंनी भोंगा दूर जाऊ दिला. मग म्हणाल्या, "हाच भंगारवाला न्यू जर्सीलाही जातो का हो, कुमुदताई?"

गोरक्षनाथने ते पान त्या बुधवारीच संध्याकाळी छापून त्यांच्या हातात दिलं होतं. मी विचारलं, रागावला नाहीत? तर म्हणाल्या, "रागावले की. दोन दिवस तुमचा पेपर वाचला नाही. तुम्हाला वाटलं असेल गुडघा." नंतर म्हणाल्या, "अक्षर छान आहे तुमचं. पण तासभर लिहिलंत ते खोटं आहे. मी वीस मिनिटांच्या वर बोलत नाही." किल्लीचा विषय काढायचं मला धैर्य झालं नाही. दुपारी त्याच किल्लीने दार उघडून त्या पेपर न्यायला आल्या.

तेव्हा वरचं सगळं रद्द समज. काही उतरवू नकोस. फक्त 'तासभर' खोडून 'वीस मिनिटं' कर, आणि आज फोन का आला नाही याची चौकशी कर.

आणखी एक. रविवारी दहाच्या सुमाराला त्यांचा फोन बऱ्याचदा एंगेज असतो, कारण तुला माहीत आहे. एवढ्या लांबून फोन करणाऱ्याने मग काय करावं? अशा वेळी शेजारचा नंबर खाली पी.पी. म्हणून द्यायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. माझा २३१६२. रविवारी मी घरीच असते. इतर वारीही.