छबूचं राज्य

कोल्हार,
१ ऑगस्ट १९७२

प्रिय चांगुणा,

तुझं पत्र पोचलं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तरी कुणाकडून लिहून घेतलं नाही. दुसरीपर्यंत शिकलेय, सावकाश वाच म्हणजे लागेल. छबूला आधी माझा मुका दे, मग पुढं वाच. इकडं आषाढ कोरडाच चाललाय, प्रवरेत नुसती वाळू. पण शेळीला दोन करडं झाली. कबरं छबूच्या नावचं ठेवलंय, मेलं सारखं माझा पदर चघळतं. तुझ्या आबांनी पंचमीचा झोका आत्ताच लिंबाला बांधला. म्हणलं, लेक-नात पुण्याला दवाखान्यात, झोका घेणार कोण? तर म्हणाले, तोवर वारा घेईल, तुझं काय जातंय.

एक गंमत तुला सांगायची राहिली. वैशाखात प्लॅस्टर काढल्यावर छबू माझ्याकडं होती ना, तेव्हाची. शेजारी भीमाबाईच्या अंगणात पोरी लंगडी खेळत होत्या. ही ओट्यावर बसलेली. मी चुलीवरचं उतरवून बाहेर येते तर कुबड्या ओट्यावर आणि पोरगी रिंगणात. जन्मापासूनचा तो दुखरा पाय माझ्या जुन्या लुगड्याच्या धडप्यानं मांडीला बांधलेला. राज्य घ्यायला बाकीच्या कुरकुरतात, तर ही म्हणते, माझ्यावरच ठेवा कायम. आणि काय सांगू, एकेकीला हेरून बाद केलं बघ. बाकीच्या चार उड्यांत दमतात, हिचा चांगला पाय जन्मभर तेच करत आलाय. भीमाबाईची सुमन तर रडकुंडीला आली, म्हणे हिचा पाय खाली टेकतच नाही, हिला बाद करायचं कसं. मी रागवायला धावले होते, पण पदर तोंडात धरून हसत खालीच बसले. छबूला असं खिदळताना मी कधी पाहिलं नव्हतं. दिवेलागणीला धडपा सोडला, तो पाय खाली आला, आणि पोरगी पुन्हा गप्प झाली.

तू लिहितेस, डॉक्टर परत चांगल्या पायातलं हाड काढून त्या पायात बसवायचं म्हणतात. वर वर्षभर प्लॅस्टर, आणि सांधेल याची खात्री नाही. तीनदा बसवलं, तीनदा मोडलं. नाहीतर गुडघ्याखाली काढायचा आणि लाकडी पाय लावायचा. जावईबापू म्हणतात, आईंनी भगवतीला चांदीचा पाय बोललाय, पाय काढला तर नवसाचं काय? आणि तू विचारतेस, आई, काय करू?

ते सांगायलाच हे पत्र, मी आपली करडांत रमले. काल भगवतीला जाऊन आले. म्हणलं, आई, पाय राख म्हणाले होते ते मागं घेते, आता पोरीचं खिदळणं राख. चांदीचा पाय वाहीन, पण तिच्या चांगल्या पायाच्या नावानं. जावईबापूंना सांग, नवस माझा होता, माझा मी सोडवला. चांगुणा, त्या चांगल्या पायाला आता सुरी लावू देऊ नको. तरी आधी छबूला जवळ घेऊन विचार, पाय तिचा आहे. रडली तर रडू दे, तूही रड. ही पंचमी तुमच्यावाचून जाईल, लई जड जाईल. पण झोका मी सोडू देणार नाही. भीमाबाईच्या पोरी रोज दारात येऊन विचारतात, राज्य घ्यायला छबू कधी येणार?

तुझीच, लिंबाखाली बसलेली
आई