सडकेकडं तोंड करून बसलेली अव्वा

ता. ३, सोमवार
सौ.चे गुडघे आज बरे. सूनबाईचा खोकला उतरला. नातीचा ताप गेला, भाकर मागून राहिली. धाकटा भाऊ शिवा लातूरला, फोनवर आवाज बसलेला वाटला. माझं ठीक.
राहिली अव्वा, आमची आई. आमच्या रीतीप्रमाणं बसवून माती दिली तिला, सडकेलगतच्या शेतात. तिचं अवघड झालं. उदगीर-देगलूर सडक, निजामाच्या वेळची, आता रुंद होणार. मोजणीवाले समाधी ओलांडून आत, शेतात दगड रोवून गेले. म्हणजे अव्वा सडकेत.

ता. ५, बुधवार
सौ. समाधीवर गेली अन् मोजणीच्या दगडालाही विभूती फासून, बेल वाहून आली. म्हणे, "मला वाटलं शिवाभावजींनी आणून बसवला."
दु. मोजणीवाले साहेब परत आले. दगडावरचा आकडा दिसेना. चपला काढून उभे. सौ.ला म्हणाले, "काकू, पुसू का?"
"पुसा की. आधी पाया पडा."
पडले बिचारे. चहा घेताना हळूच म्हणाले, "काका, मशीन यायच्या आत काय ते करून घ्या."

ता. ८, शनिवार
मठाचे स्वामी आले. "देह मातीत मिळाला कधीच. मूठभर माती उचला, वरच्या बांधाला समाधी करा. पण दोघं लेकरं हजर पाहिजेत."
दोघं. तिथंच अडलं.

ता. ९, रविवार
शिवाला फोन.
"दादा, बसलेल्या माणसाला उठवतेत का?"
"मशीन विचारत न्हाई बाबा."
"मग मीच बसतो मशीनीम्होरं."
"बस. चहा पाठवतो."
हसला न्हाई. ठेवला फोन.
त्याचंही काय चुकलं? जागा अव्वानंच सांगितली होती. सडकेकडं तोंड करून बसवा, लातूरची एसटी दिसली पाहिजे. शिवा त्याच एसटीनं यायचा.

ता. १२, बुधवार
वरच्या बांधावर जाऊन बसलो, अव्वा बसेल तसा. एसटी आली. नुसता टप दिसला. कोण उतरलं, कळलं न्हाई.
सौ.ला बोललो न्हाई. शिवाला तर…

ता. १४, शुक्रवार
मशीन दोन शेतं सोडून. लिंबाची झाडं आडवी पडून राहिली.
शिवाला मोबाईलवर लिहिलं: बांधावरून अव्वाला एसटी अर्धीच दिसंल, खोटं बोलत न्हाई. पण मशीनीच्या हाती द्यायची का तिला? माती तू उचल, मी नुसता उभा राहतो. भांडायचं तर इथं येऊन भांड. स्वामी थांबलेत. येतो का न्हाई, लौकर कळव बाबा.